पेवातला कंदील

आमच्या घरी ज्वारीची भाकरी व्हायची ती आप्पा कचेरीत गेल्यावर. त्यांच्या सायकलची घंटी गल्लीच्या टोकाशी वाजली की आई परात पुढे ओढायची. बेळगावात, त्यातून आमच्यासारख्या निपाणीकडून आलेल्या माणसांच्या घरात, भाकरीवाचून जेवण म्हणजे जेवणच नव्हे. पण आप्पांच्या ताटात दोन्ही वेळा चपाती असायची. पीठ मळताना ज्वारीचा जो ओलसर, किंचित आंबूस वास येतो तो त्यांना सहन होत नसे. चुकून तो नाकाशी आला तर ते हातातलं काम टाकून व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. माझा थोरला भाऊ अण्णा आणि मी यावरून त्यांच्यामागे टिंगल करायचो. आप्पा साहेब झाले, त्यांना आता भाकरी कशी रुचेल, असं मी म्हणायची आणि आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता माझ्याकडे रागानं बघायची. "तुला काय ठावं? खा गप," एवढंच म्हणायची. शाळेत पोरांना दिवसभर शुद्ध मराठी शिकवणारी माझी आई घरात आली की चपलांबरोबर ती भाषाही दारात काढून ठेवायची.

टिळकवाडीत एका वकिलांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. खाली शहाबादी फरशी, वर मंगलोरी कौलं. रेल्वेचं फाटक जवळ असल्यामुळे गाडी यायच्या आधीची घंटा आमच्या घरात बसून ऐकू यायची आणि आई त्यावर डाळीचं आधण ठेवायची. घड्याळ होतं, पण ते भिंतीवर शोभेला. पुढच्या बंगल्यातून सकाळभर कानडी गाणी, संध्याकाळी वकीलबाईंचा मिक्सर. त्या मिक्सरचा आणि आमचा वीजपुरवठा एकाच तारेवरून होता, ही गोष्ट एरवी माझ्या लक्षातही आली नसती. ती आली त्या उन्हाळ्यात, अण्णा ते यंत्र घेऊन आला तेव्हा.

अण्णा इंजिनिअरिंगला होता. त्याच्या एका मित्राच्या मामानं आखातातून एक कॉम्प्युटर आणलेला होता. आता कॉम्प्युटर म्हटल्यावर माझी नातवंडं जे समजतात ते नव्हे. नुसता टाइपरायटरच्या वरच्या अंगासारखा बटणांचा चपटा डबा. तो टीव्हीला जोडायचा, शेजारी कॅसेट प्लेअर ठेवायचा आणि कॅसेट लावायची. मित्र सुट्टीत गावी जाणार, घरात लहान भाच्यांचा धुडगूस, म्हणून त्यानं ते सगळं सुट्टीपुरतं आमच्याकडे ठेवलं. कॅसेट चालू झाली की खिर्र, चीं, खिर्र असा आवाज यायचा, चक्कीत खडा गेल्यासारखा. तो आवाज पुरा होईपर्यंत श्वास रोखून बसायचं. मध्येच वकीलबाईंनी मिक्सर लावला की टीव्ही थरथरायचा आणि सगळं मुसळ केरात. मग मी धावत पुढच्या दारी. "आक्का, एवढी कॅसेट संपेपर्यंत थांबता का?" असं मी विचारायची. त्या बिचाऱ्या खोबरं तसंच भांड्यात ठेवून थांबायच्या, आणि काय चाललंय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या कॅसेटमध्ये एक खेळ होता. एक राज्य, त्यात गावं. गावात दुकान, खाणावळ, देऊळ, सगळं आपल्यासारखं. पण प्रत्येक गावाच्या पोटात एक तळघर. गावाच्या एका कोपऱ्यात पायऱ्या असायच्या, त्या उतरल्या की वरचं गाव नाहीसं व्हायचं आणि पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघांच्या भिंती, पुढे बोळ, बोळाला बोळ, कुठे दार, दारामागे पेटी नाहीतर राक्षस. तळघराखाली आणखी तळघर. आपल्याजवळ मशाली असायच्या. एक मशाल थोडा वेळ टिकायची, मग लांबच्या भिंती दिसेनाशा व्हायच्या, मग जवळच्या, आणि शेवटी पडदा काळाकुट्ट. अंधारात गडी मेला की पहिल्यापासून सुरुवात. गावांची इंग्रजी नावं आमच्या जिभेला वळेनात, म्हणून आम्ही त्यांचं बारसं केलं. पहिलं गाव निपाणी, दुसरं संकेश्वर, आणि सगळ्यांत खोल तळघर असलेलं ते बेळगाव. आईच्या पर्समध्ये खडू कायम असायचे. खाली उतरलं की मी ते तळघर शहाबादी फरशीवर खडूनं काढायची, इथे वळलो, इथे भिंत, इथे खाली जायचा जिना. संध्याकाळपर्यंत अर्ध्या खोलीत संकेश्वरचं पोट पसरलेलं असायचं. आई रात्रीच्या जेवणाआधी ओल्या फडक्यानं ते पुसून काढायची आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा काढायचो.

आप्पांनी तो खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते कचेरीतून नुकतेच आले होते. अण्णा मोठ्या हौसेनं दाखवायला लागला, हे बघा आप्पा, आपण वर होतो, आता गावाखाली चाललो, आता मशाल विझत आली बघा. आणि पडदा काळा झाला. पायातली चप्पल आप्पांनी अजून काढलेली नव्हती, तसेच मागे वळले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मला आठवतं, व्हरांड्याच्या खांबाला धरलेला त्यांचा हात पांढरा पडला होता. थोड्या वेळानं बाहेरूनच म्हणाले, "मी घरात असताना ते लावत जाऊ नका." आमच्या आप्पांनी आजवर आम्हाला कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं. फरशीवर खडूचा नकाशा काढलेला असला तर ते त्यावर पाय न देता भिंतीच्या कडेकडेनं आत जायचे. अण्णाला वाटलं, वीजबिलाची काळजी. मला वाटलं, अभ्यासाची. आम्ही दोघंही चुकलो होतो.

निपाणीच्या अलीकडे आमचं गाव. तिथे आप्पांचे थोरले भाऊ राहायचे, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे येणार असं ठरलं. त्या दिवशी आईनं मला भाजी निवडायला बसवलं आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. तात्या आणि आप्पा एका खोलीत चहा पिण्यापलीकडे कधी बसत नाहीत, हे मी बघत होतेच. मला ते मोठ्या माणसांचं काहीतरी वाटायचं.

आमच्या गावात पूर्वी धान्य पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, तोंडाशी माणूस जेमतेम जाईल एवढा अरुंद, पोटात भोपळ्यासारखा रुंद. आत ज्वारी भरायची, वर शिळा ठेवून चिखलानं लिंपायचं. उघडलं की आतून गरम, कुबट वाफ यायची. तिच्यात माणूस गुदमरतो. म्हणून आधी दोरीनं कंदील सोडायचा. ज्योत नीट राहिली तर माणूस उतरवायचा, आणि तो आत असेपर्यंत कंदील तिथेच लोंबत ठेवून वर एकानं त्याच्यावर डोळा ठेवायचा. ज्योत बारीक झाली की हाक मारायची आणि माणूस वर ओढायचा. धान्य मोठ्या शेतकऱ्याचं, उतरून बुट्टीनं, म्हणजे टोपलीनं, ते वर द्यायचं मात्र आमच्या लोकांनी. त्या दिवशी तात्या खाली होते, मिसरूड फुटायच्या वयाचे. आप्पा लहान, त्यांच्याकडे कंदिलाकडे बघायचं काम. मोठी माणसं भरलेली पोती शेतकऱ्याच्या घरात टाकायला गेली होती. एवढ्यात पुणे-बेंगलोर रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. तेव्हा मोटार म्हणजे अप्रूप. आप्पा बघायला पळाले. परत येऊन वाकून बघतात तर खाली अंधार. त्यांनी बोंब ठोकली, माणसं धावली, कमरेच्या दोरीनं तात्यांना वर ओढलं. ते चिंचेखाली निपचित पडून होते. संध्याकाळी डोळे उघडले. पण छाती कायमची गेली, शाळा सुटली आणि पुढे निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जन्म गेला. आप्पा शिकले, नोकरीला लागले.

"तुझ्या आप्पास्नी वाटतं, आपल्या पायी भावाचं वाटोळं झालं," आई म्हणाली. "लगीन झाल्यावर एकदा मला सांगितलं, परत न्हाय. आणि भावाला तर कधीच न्हाय. त्यो ज्वारीचा वास आला की त्यास्नी त्येच दिसतंय. आता दोघांची बी वयं झाली. ह्या खेपेला बोलले तर बरं, न्हाईतर ह्ये असंच छातीवर घिऊन जायाचे." मला साहेब-भाकरीची आमची थट्टा आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. तात्या असेपर्यंत यंत्र कपाटावर ठेवायचं, असं मी अण्णाला बजावून सांगितलं.

तात्या आले ते दुपारच्या एस.टी.नं. दारातूनच "जयभीम" असा खणखणीत आवाज, मागोमाग खोकला, आणि त्याच्या मागे तंबाखूचा वास. खांद्यावर पोतं. "माझ्या रानातली हाय," म्हणून त्यांनी ते आईपुढे ठेवलं. नवी ज्वारी! आईनं घाईघाईनं ते पोतं आतल्या कोपऱ्यात नेऊन वर गोधडी टाकली. संध्याकाळी आप्पा आले, प्रवास कसा झाला विचारलं, चहा घेतला आणि उठून व्हरांड्यात गेले. तात्या त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, खोकल्याचा ठसका थांबल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. म्हणजे तात्यांचा मुक्काम वाढला.

दिवसभर नुसतं बसायची त्यांना सवय नव्हती. ते वकिलांच्या बागेतलं गवत काढायला जायचे, आई त्यांना परत आणायची. एके दिवशी ते माझ्या फरशीपाशी उकिडवे बसले. यंत्र कपाटावर होतं, पण दाराशेजारच्या कोपऱ्यातला एक जुना नकाशा आईच्या फडक्यातून सुटला होता.

"ह्ये काय काढलंयस गं, मंगल? पेव हाय का काय?"

आतमध्ये आईचं लाटणं थांबलं. अण्णा मात्र भोळा सांब, त्याला मी फक्त यंत्र ठेवायला सांगितलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "तळघर आहे, तात्या. एक खेळ आहे, त्यात प्रत्येक गावाखाली असतं."

"म्हंजे आमच्याच गावाचा खेळ की रं! लाव बघू," तात्या म्हणाले, आणि मांडी ठोकून टीव्हीपुढे बसले.

तात्या त्या खेळाला असे चिकटले की विचारू नका. चालायची चार बटणं आणि मशाल पेटवायचं एक, एवढं त्यांना अण्णानं शिकवलं. एका डोळ्यानं बघायचे, पण पेटी दिसली की हात सुटायचा. राक्षस आला की त्याला वखारीतल्या मुकादमाच्या नावानं शिव्या. आई आतून "भावजी, पोरं हाईत घरात" म्हणायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. आप्पांच्या सायकलची घंटी ऐकू आली की आम्ही सगळं बंद करायचो. तात्यांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आप्पांना आवडत नाही." त्यांचा चेहरा पडला. "त्याला आमचं काय आवडतंय?" ते म्हणाले. मला ते लागलं, पण सांगायचं तोंड माझं नव्हतं.

मग तो रविवार आला. आप्पा दुपारी वकिलांकडे कसलासा अर्ज लिहून द्यायला गेले होते, चार वाजेपर्यंत येणार नाहीत असं सांगून. आम्ही खेळ लावला. तात्या बेळगावच्या तळघरात, याआधी आम्ही कुणीच गेलो नव्हतो इतके खोल उतरले. आप्पा लवकर परतले, ते कधी व्हरांड्यात येऊन वर्तमानपत्र घेऊन बसले, कुणाला कळलं नाही. सायकल नव्हती, मग घंटी कुठून वाजणार?

"तात्या, मशाल मंदावली," मी म्हटलं. "लांबची भिंत गेली बघा. वर चला."

"थांब गं. ह्येवढी एक खोली."

"तात्या, शेवटची मशाल आहे," अण्णा म्हणाला. "आत्ता फिरलात तर पोचाल."

"दिसतंय की रं अजून. त्या दारामागं पेटी असनार. एकच खोली."

"तात्या, वर चला ना!"

"एकच, म्हटलं न्हवं!"

आणि दारातून आवाज आला. तसा आवाज मी माझ्या बापाच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. "दादा, वर ये! कंदील इझत चाललाय! वर ये म्हंतो न्हवं!"

आप्पा उंबऱ्यात उभे होते. वर्तमानपत्र खाली पडलेलं. कचेरीतली ती धुतलेली मराठी कुठल्या कुठे गेली होती. तात्यांचं बोट बटणावरच राहिलं आणि पडदा काळा झाला. मी आईकडे बघितलं, ती स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात तसेच धरून उभी होती.

तात्या हळूच वळले. चांगल्या डोळ्यानं आप्पांकडे बराच वेळ बघितलं. मग एकदम हसायला लागले. हसता हसता खोकला आला, तो आवरून म्हणाले, "तवा बी मी आसंच केलतं बघ, यशा."

"काय केलतंस?"

"ह्येच की. कंदील बारीक झाला ते मला दिसत हुतं. माझ्या नाकाम्होरं तर लोंबत हुता. म्हटलं, एक बुट्टी भरतो आणि मग हाक मारतो. शेवटची बुट्टी मजुरीची, आपल्या घरची असायची, ध्यानात हाय न्हवं? ती सोडून कोण वर येतंय?"

"दादा," आप्पा म्हणाले. "मी वर नव्हतो. मी मोटार बघायला गेलतो."

"ठावं हाय की. भोंगा मला बी खाली ऐकू आला. म्हटलं, यशा पळालं मोटारीमागं."

"मी आसतो तर हाक मारली आसती."

"मारली आसतीस." तात्यांनी मागच्या काळ्या पडद्याकडे बोट केलं. "आत्ता मारलीस, पोरांनी बी मारली. आलो का मी?"

आप्पा खाली बसले. खडूच्या त्या नकाशावर, ज्याच्यावर त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं, नेमके त्याच्या मधोमध. धोतराला खडू लागला. ते रडत होते आणि ते लपवायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. "इतकी वर्षं मला वाटत आलं," एवढंच ते म्हणत राहिले.

"मग इचारायचं न्हाईस व्हय रं, खुळ्या?" तात्यांचाही आवाज आता बदलला होता. "मला वाटायचं, यशा साहेब झाला, आमच्याजवळ बसाय लाजतोय. मी बी कवा इचारलं न्हाय. आणि तू बोंब मारलीस म्हणून मी हाय हितं. न्हाईतर त्या ज्वारीतच गेलो आसतो." ते सरकत सरकत आप्पांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या पाठीवर थापट्या मारायला लागले, तान्ह्याला मारतात तशा. माझा जीव भांड्यात पडला. आईनं पिठाचे हात डोळ्यांना लावले, त्यामुळे तिचं तोंड पांढरं झालं, आणि अण्णा, ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी तोच म्हणाला, "चहा टाकू का?" आम्ही सगळे इतके हसलो की वकीलबाई मागच्या दारी डोकावून गेल्या.

त्या संध्याकाळी आईनं तात्यांच्या पोत्यातली ज्वारी दळून आणली आणि आप्पा घरात असताना, स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवून भाकऱ्या थापल्या. वांग्याची भाजी, मिरचीचा खर्डा, कांदा. आप्पांनी चतकोर भाकरी घेतली. नाकाशी नेली, थोडं थांबले, मग तोंडात घातली. "वास येतोच," ते म्हणाले. पण उठले नाहीत. असल्या गोष्टी एका घासात जात नसतात, हे मला आता माझ्या वयाला कळतं. पुढेही ते चपातीच जास्त खायचे. पण भाकरीसाठी आईला त्यांच्या सायकलची वाट बघावी लागली नाही.

तात्यांचा खोकला बसायला आणखी दिवस गेले आणि मला वाटतं, ते सगळ्यांना हवंच होतं. कचेरीतून आले की आप्पा कपडेही न बदलता टीव्हीपुढे तात्यांच्या शेजारी बसायचे. चालायची बटणं तात्यांकडे, मशालीचं आप्पांकडे. दोघांच्या गावाकडच्या गप्पांना असं पेव फुटायचं की राक्षस समोर येऊन उभा राहिला तरी त्यांना पत्ता नसायचा. ऑपरेशननंतर चांगल्या डोळ्यालाही ताण नको म्हणून दोन्ही डोळ्यांवर हिरवं फडकं बांधलेले तात्या नुसतेच बसायचे, मग आप्पा दोन्हीकडची बटणं दाबत त्यांना सांगायचे, आता डावीकडे भिंत आहे, आता दार आलं. बेळगावच्या तळघराचा तळ आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही. सुट्टी संपली, अण्णाचा मित्र येऊन यंत्र घेऊन गेला. तळाशी काय होतं, असं माझा नातू परवा विचारत होता. मला खरंच माहीत नाही, आणि त्याची मला कधी चुटपुटही लागली नाही.

मला आठवतो तो ऑपरेशनच्या आधीचा एक दिवस. पुढे एक दार, दारामागे नक्कीच पेटी, आणि पडद्यावरची लांबची भिंत दिसेनाशी झालेली. आप्पांनी बटणावरचा हात काढला. शांतपणे म्हणाले, "दादा, वर ये."

तात्यांनी दाराकडे बघितलं. जिवावर आलं होतं त्यांच्या, कळत होतं. मग ते मागे फिरले.

"आलो रं," ते म्हणाले. "आलो."